थेंबाला मारलेलं बूच

मी पंचवीस लिटरचा एक जुना गिझर आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मला तुमची कीव नको. अंगणातल्या पेरूखाली आडवा पडलोय, दुपारी भंगारवाला येणार आहे, तरी माझी मान ताठ आहे. गिझरला मान नसते म्हणाल, तर नसू दे.

मला या लातूरच्या घरात आणलं विशाखानं. ती दवाखान्यात नर्स आहे. थंडीत तिच्या आईचे, पारूबाईंचे गुडघे असे धरायचे की भिंतीचा आधार घेतल्याशिवाय त्यांना उठता येत नसे. म्हणून तिनं पहिल्याच पगारात मला घेतलं. सकाळी गरम पाणी गुडघ्यांवर पडलं की पारूबाई म्हणायच्या, "लई गुणाचा हाय माझा गिझर!" त्या एका वाक्यावर मी बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं तापवलं. अंगात क्षाराचे थर साचले, पण कुरकुरलो नाही.

विशाखाचे वडील व्यंकटराव पाण्याच्या बाबतीत भारी कडक. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं अशा गावात त्यांचं आयुष्य गेलं. तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, कपड्यांचं पाणी अंगणाला. थेंब वाया गेला की त्यांच्या जिवाची नुसती तगमग व्हायची.

एका हिवाळ्यात माझ्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी टपटप गळू लागलं. पाणी पुरेसं तापलं की वीज तोडणारा माझा थर्मोस्टॅट बिघडला होता. पाणी उकळायचं, आत दाब वाढायचा आणि व्हॉल्व्ह तो बाहेर सोडायचा. मला दुरुस्त करा, असंच मी सांगत होतो. पण व्यंकटरावांना दिसलं फक्त वाया जाणारं पाणी! त्यांनी बाभळीची काडी तासून बूच केलं, व्हॉल्व्हच्या तोंडात ठोकलं आणि वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून बांधली.

"बघ पारू, एक थेंब पडंना आता," ते ऐटीत म्हणाले.

पडंना म्हणे! अहो, माझं नाक-तोंड दाबलंत तुम्ही! दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं आणि आत नुसता कोंडमारा सुरू झाला. मी फुटलो असतो तर समोर कोण असणार होतं? गुडघे धरून बसलेल्या पारूबाई. ज्यांच्यासाठी मी या घरात आलो, त्यांच्याच अंगावर? छे, मुळीच नाही! मी घरघरलो, खडखडलो, भिंतीतले खिळेसुद्धा हलवले.

पारूबाई न्हाणीच्या दारातच थबकल्या. आवाज ऐकून त्यांनी बाहेरचं बटण बंद केलं. मग वर पाहिलं, तर बूच!

"आवो, कुकरची शिट्टी कोंबून कुणी डाळ शिजवतंय व्हय? मला काय उडवून देताव का?"

मी थंड झाल्यावर सोमेश मेकॅनिक आला. व्यंकटराव ओशाळले होते, म्हणून जास्तच चिडले. "काढून टाक ह्याला. म्हातारं झालंय डबडं. नवीन बसव."

वा रे वा! चूक यांची आणि शिक्षा मला?

सोमेशनं माझे सगळे सांधे तपासले. "टाकी ठणठणीत हाय, काका. थर्मोस्टॅट अन् व्हॉल्व्ह बदलतो, क्षार खरडून काढतो. आणखी चार-पाच वर्षं वढंल ह्यो. ज्या दिवशी टाकीच गळंल, तांबडं पाणी येईल, त्या दिवशी मात्र ह्याला ठिवू नका."

पाच हिवाळे ओढले मी! दर दिवाळीआधी व्यंकटराव स्वतः सोमेशला बोलावून मला साफ करून घ्यायचे.

यंदा तांबडं पाणी आलं. टाकी गंजून सांध्यातून पाझरू लागली. खाली पारूबाई, वर विजेच्या तारा. आणि व्यंकटराव आले भेगा बुजवायची लांबी घेऊन! "न्हाई टाकायचा. घरचा माणूस हाय त्यो." मित्रांनो, मला भरून आलं. तरीही त्यांनी थापलेली लांबी मी रात्रीतून भिजवून खाली पाडली. तेव्हा दुरुस्तीसाठी हट्ट केला होता, आता जाण्यासाठी केला. सकाळी ओली फरशी पाहून विशाखा म्हणाली, "बास, बाबा." सोमेशनं मला उतरवलं.

म्हणून सांगतो, घरातलं यंत्र गळू लागलं, आवाज करू लागलं, तर त्याचं तोंड बांधू नका. जाणकाराला बोलवा. सुधारण्यासारखं असेल तर रागानं फेकू नका, आणि संपलं असेल तर मायेनं ठेवू नका.

आज नवा गिझर पहिल्यांदाच तापला आणि त्याच्या व्हॉल्व्हमधून एक थेंब पडला. "तापताना एखादा पडतोच," सोमेश म्हणाला. सगळ्यांचे डोळे मात्र व्यंकटरावांकडे. ते बाहेर आले, माझ्याशेजारी पडलेलं लहान डबडं उचलून आत गेले. खिडकीतून त्यांचा आवाज ऐकू आला.

"ह्याच्या तोंडाखाली ठिव, पारू. पडू दे. भरलं की कढीपत्त्याला वतू."

झालं माझं काम. भंगारवाल्या, ये आता. उचल मला!