माझ्या दारातला कप्पा

मित्रांनो, मी एक जुना फ्रिज आहे. घरघरतो, मान्य आहे. पण माझ्या वयाचे व्हाल तेव्हा तुम्हीही घरघराल. कारखान्यातून थेट या स्वयंपाकघरात आलो, तेव्हा शेजारीपाजारी माझ्याकडचा बर्फ बघायला यायचे. पुढे गल्लीत माझ्याहून उंच, चकचकीत फ्रिज आले आणि माझं कौतुक आटलं. आता पाहुणे म्हणतात, "अजून ठेवलाय हा?" वाईट वाटतं हो.

माझे मालक पाट्या रंगवतात. गल्लीतल्या निम्म्या दुकानांवरची अक्षरं त्यांच्याच हातची. पण मधुमेह वाढला आणि अक्षरांच्या कडा त्यांना पुसट दिसू लागल्या. एका शिंप्याने त्यांची पाटी परत पाठवली, ओळ तिरकी गेली म्हणून. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता गोळ्यांनी भागणार नाही, इन्सुलिन सुरू करू. नजर अजून सावरेल, पण वेळ घालवू नका."

मालकांनी इन्सुलिनचं पेन, म्हणजे पेनासारखं दिसणारं इंजेक्शन, आणलं खरं, पण आज-उद्या करत राहिले. त्यांचे थोरले भाऊ इन्सुलिन सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत गेले होते. सुई लागली की माणूस संपला, हे तेव्हापासून मालकांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

मालकीणबाईंनी मात्र ते पेन जिवापाड जपलं. कुठे, तर माझ्या बर्फाच्या कप्प्यात! मी घरघरून घरघरून दमलो, पण माझं ऐकतंय कोण? औषध गोठून दगड झालं.

सुई कशी घ्यायची ते शिकवायला नर्सताई घरी आल्या. पेन हातात घेताच म्हणाल्या, "हे गोठलंय. वितळलं तरी वापरायचं नाही."

मालकांचा चेहरा खुलला. "बघ, माझ्या नशिबातच नाही ते."

"नशीब कसलं? चूक माझी आहे, मी दुसरं आणते," मालकीणबाई म्हणाल्या. "आणि एक ऐका. दादा सुईनं नाही गेले, उशिरानं गेले. किती विनवलं होतंत तुम्ही त्यांना! आता मी तुम्हाला विनवतेय."

मालकांनी त्या गोठलेल्या पेनाकडे एकदा पाहिलं. मग हळूच म्हणाले, "आण."

नव्या पेनांचं खोकं आलं. मालकांनी त्यातलं एक ब्रशसारखं तिरकं, चिमटीत धरलं. नर्सताई हसल्या. "काका, पाटी नाही रंगवायची. मुठीत धरा, सरळ." मालकांनाही हसू आलं आणि त्याच हसण्यात बारीकशी सुई पोटात गेली. "एवढंच?" ते म्हणाले. उरलेली पेनं नर्सताईंनी बर्फापासून लांब, माझ्या दारातल्या कप्प्यात ठेवली. इतका मान मला बर्फ बघायला गर्दी व्हायची तेव्हाही मिळाला नव्हता.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी सुईला घाबरून चालढकल करत असेल, तर त्याची थट्टा करू नका. त्याच्याजवळ बसा. आणि औषध कुठे ठेवायचं ते आधी नीट विचारून घ्या.

साखर हळूहळू आटोक्यात आली. काल सकाळी मालक स्टूल ओढून माझ्यासमोर बसले आणि सगळ्यात बारीक ब्रशने दारावर लिहू लागले: 'औषध बर्फात ठेवू नये.'

मालकीणबाई मागे उभ्या होत्या. "ओळ सरळ आलीय का, सांगू?"

"नको," मालक म्हणाले. "मला दिसतेय."