लोकरीखालचा कणा

माझी कंबर धरली आणि लोकर कातरायचं काम अर्ध्यावरच राहिलं. कातरलेल्या मेंढ्या हडकुळ्या दिसायच्या, म्हणून त्यांना मी जास्तीचा खुराक दिला. लोकरवाल्या चांगल्या गुबगुबीत. त्यांना खादाड म्हणून गव्हाणीवरून हाकललं. आता कातरलेल्या गाभण राहिल्या, आणि गुबगुबीत सगळ्या रिकाम्याच. माझं तर डोकंच चालेना.

"मेंढा बदलू का?" मी मेंढ्या तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं.

त्यांनी माझा हात धरून एका गुबगुबीत मेंढीच्या लोकरीत खुपसला. बोटांना पाठीचा कणा लागला, फणीच्या दातांसारखा.

"अशा अंगात गर्भ कसा राहील?"

"पण ही तर जाडजूड आहे," मी म्हणालो.

मेंढी हललीही नाही. मघापासून ती माझ्या खुराकाच्या रिकाम्या बादलीत तोंड घालून उभी होती.