त्रेचाळीस नंबरचा गोल

गुणवंतरावांच्या घरात नवी वस्तू आली की तिचा पहिला मुक्काम बैठकीतल्या टीपॉयवर. मिक्सर असो, गीझर असो की साधी इस्त्री, तिला हात लावायची कुणाची टाप नव्हती. गुणवंतराव चष्मा पुसून, टॉर्च घेऊन तिच्यासमोर बसत. तिला उलटीपालटी करत, वायर ओढून पाहत, खोक्यावर काय छापलंय आणि बुडाखाली काय चिकटवलंय ते ताडून बघत. वस्तू मनास आली तर खडूने तिच्या पाठीवर एक गोल काढत आणि गोलात त्रेचाळीस लिहीत. मगच तिचा प्लग भिंतीत जायचा. बिनगोलाची वस्तू त्या घरात लागत नसे.

त्रेचाळीस हा त्यांचा फॅक्टरीतला नंबर. छत्तीस वर्षं ते तपासणी खात्यात होते. तिथे प्रत्येक तपासनिसाला आपापल्या नंबराचा पोलादी शिक्का मिळायचा. पास केलेल्या नगावर तो ठोकायचा, आणि नग पुढे कुठे दगा देऊन परत आला तर शिक्क्यावरून माणूस सापडायचा. गुणवंतरावांच्या शिक्क्याचा एकही नग कधी परत आला नाही. दोन वर्षांपूर्वी रिटायर होताना शिक्का जमा करावा लागला. बदल्यात शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ तपासणीत नापास झालं, ते अजून खोक्यातच आहे.

त्यांच्या बायकोला, विनताबाईंना, या गोलांची पूर्वी फार थट्टा सुचायची. मग एकदा काय झालं, गुणवंतरावांनी एक कुकर झाकणाच्या कडेवरून बोट फिरवून परत पाठवला आणि शेजारच्या ज्योतीकाकूंनी नेमका तसाच आणला. महिन्याभरात काकूंच्या स्वयंपाकघराच्या छताला वरण लागलं. तेव्हापासून थट्टा बंद झाली. धाकटी मुलगी यशश्री तर त्या गोलावर डोळे मिटून विसंबायची.

यशश्री तेवीस वर्षांची. शहरातल्या नेपियर टाउन भागातल्या एका क्लासमध्ये मुलांना कॉम्प्युटर शिकवायची, आणि त्या कमाईतून एकेक भाग आणून तिने गेम खेळायचा कॉम्प्युटर स्वतः जोडला होता. नुसतं मन रमवायला नव्हे. देशभरातली पोरं ज्यात उतरतात अशा स्पर्धांत तिचं नाव यायला लागलं होतं. आता हैदराबादच्या एका टीमने रविवारी दुपारी बारा वाजता तिची चाचणी ठेवली होती. जमलं तर वर्षभराचा करार, पगार आणि टीमच्या घरात राहणं. नाही जमलं तर बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा, असं तिने वडिलांना कबूल केलं होतं.

आणि नेमकं आठवड्याआधी कॉम्प्युटरने अंग टाकलं. खेळ ऐन रंगात आला की पडदा काळा. शनिवारी बापलेक स्कूटरवरून विष्णूभैयाच्या दुकानात गेले. त्याने तपासून सांगितलं की पॉवर सप्लाय गेला. म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्या प्रत्येक भागाला त्याच्या वाट्याची देणारा डबा. त्याने दोन डबे पुढे ठेवले. एक हलका, साडेसहाशे वॉटचा. दुसरा चांगला वजनदार, साडेसातशेचा, वर मोठे सोनेरी आकडे. दोन्ही न्या, नको तो सोमवारी परत करा, असं तो म्हणाला. घरोब्याची ओळख होती, चिठ्ठी वगैरे काही केली नाही. यशश्रीचं मशीन खेळताना साडेचारशे वॉटपर्यंत ओढतं, तेवढं मात्र त्याने कागदावर लिहून दिलं.

यशश्री दोन्ही डबे टीपॉयवर ठेवून क्लासला गेली. जाताना म्हणाली, तुम्ही गोल कराल तो संध्याकाळी लावते.

गुणवंतरावांना निकाल लावायला दहा मिनिटं पुरली. वजनदार डब्यावर साडेसातशे छापलं होतं खरं, पण बुडाच्या बारीक तक्त्यात बारा व्होल्टच्या ओळीत तीसच अँपियर लिहिले होते. बारा गुणिले तीस, तीनशे साठ वॉट. खेळाचं सगळं ओझं याच ओळीवर येतं हे विष्णूभैयाच बोलला होता. मग एवढं वजन कशाचं, म्हणून त्यांनी जाळीतून टॉर्च मारला. आत कोपऱ्यात एक लोखंडी तुकडा स्क्रूने बसवलेला दिसला. त्याच्याशी एकही वायर जोडलेली नव्हती. वजन वाढवण्यापलीकडे त्याचा काही उपयोग नव्हता. हलक्या डब्याचा हिशेब मात्र चोख होता, बारा गुणिले चोपन्न, जवळजवळ साडेसहाशे. फॅक्टरीत असा वजनदार नग त्यांनी लाल रंग फासून फेकला असता.

त्यांनी खडू उचलला आणि तिथेच हात थबकला. हलका डबा लागला की पोरगी उद्या खेळणार, आणि ती खेळली की जिंकणार, हे त्यांना ठाऊक होतं. मोठा मुलगा अक्षत असाच पुण्याला गेला. आता दिवाळीला येतो आणि आपल्याच घरात टॉवेल कुठे आहे म्हणून विचारतो. यशू गेल्यावर या घरात त्यांना काही तपासायला कोण देणार होतं? विनताबाई तर नवी वस्तूच आणत नसत. गुणवंतराव उठले, नळ बंद आहे का पाहून आले. बसले, पुन्हा उठले, अंगणात जाऊन स्कूटरचा टायर दाबून आले. फार तर कॉम्प्युटर बंद पडेल, त्यांनी स्वतःला समजावलं, कुणाचा जीव तर जात नाही. बँक काय वाईट आहे. आणि आपण तोंडाने खोटं कुठे बोलतोय.

साडेपाच वाजता त्यांनी वजनदार डब्यावर गोल काढला आणि आत त्रेचाळीस लिहिलं.

यशश्रीने येऊन पाहिलं तेव्हा ती जराशी चपापली.

"इंटरनेटवर तर सगळे हलक्यालाच चांगलं म्हणून राहिले, बाबा."

गुणवंतराव चष्मा पुसत राहिले.

"चलो, ठीक आहे," ती म्हणाली. "तुमचा गोल आहे ना, मग झालं."

तिने तासाभरात तो डबा बसवला. कॉम्प्युटर सुरूही झाला. खेळून बोटं थकवायची नाहीत म्हणून तिने नुसते जुने सामने बघितले, आणि तेवढ्याला तीनशे साठ भरपूर होते. जेवताना ती बडबडत होती आणि गुणवंतराव अर्ध्या ताटावरून उठले.

रविवारी सकाळी विनताबाई जवळच्या पाटन गावाहून आलेले मटार सोलत बसल्या होत्या. गुणवंतरावही हात लावायला बसले. थोड्या वेळाने विनताबाईंच्या लक्षात आलं की टरफलं पातेल्यात जाताहेत आणि दाणे कचऱ्यात. अहो, काहून असं करून राहिले, तब्येत बरी आहे ना, असं त्यांनी दोनदा विचारलं. गुणवंतराव उठले, फाटकापर्यंत गेले आणि उगाच कडी लावून आले. दहा वाजले, साडेदहा झाले. त्यांना एक नवीच भीती शिरली होती. असला डबा नुसता बंद पडत नाही, कधी कधी जळतो, आणि जळताना शेजारच्या भागांनाही घेऊन जातो. पोरीने दोन वर्षं जोडून जोडून उभं केलेलं सगळं मशीन त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. पण बोलायचं म्हणजे कालचं सगळं सांगायचं, आणि ते तोंडातून निघेना.

अकरा वाजून दहा मिनिटांनी हैदराबादहून फोन आला. खोलीचं दार उघडंच होतं.

"जी, सिस्टम एकदम पक्का है," यशश्री सांगत होती. "पापा ने चेक किया है. वो फॅक्टरी में इन्स्पेक्टर थे, उनका पास किया हुआ कभी फेल नहीं होता."

गुणवंतरावांना शरमेने दरदरून घाम फुटला. थंडीचे दिवस होते आणि स्वेटरच्या आत सदरा पाठीला चिकटला. ते अंगणात गेले, तुळशीला एक चक्कर मारून तसेच परत आले आणि तिच्या दारात उभे राहिले.

"यशू, तो डबा काढ. चुकीचा आहे."

ती खुर्चीत वळली. घड्याळाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"तुमची चूक झाली? तुमची?"

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काळजी होती. बाबा म्हातारे झाले, त्यांची नजर चुकायला लागली, अशी काळजी. हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. पोरीने वर त्यांनाच धीर दिला असता.

"चूक नाही," गुणवंतराव म्हणाले. "मला माहीत होतं. माहीत असून गोल केला."

"काहून?"

"तू चालली म्हणून."

यशश्रीने वायर उपसली, कॉम्प्युटर आडवा केला आणि बाजूचा पत्रा उघडला. गुणवंतरावांनी न सांगता टॉर्च धरला. तिचे हात भराभर चालले होते, पण त्यांच्याकडे तिने एकदाही मान वर केली नाही. जुने स्क्रू त्यांच्या तळहातावर पडत गेले. वजनदार डबा बाहेर आला तसा तिने तो मागे सरकवून दिला.

मग हलका डबा हातात घेऊन ती थांबली. घड्याळात अकरा पंचेचाळीस झाले होते आणि तरी ती थांबली. तिने तो उलटा केला, बुडाचा तक्ता ओठ हलवत पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. बारा व्होल्टच्या ओळीवर बोट ठेवून मनातल्या मनात गुणाकार केला. जाळीतून आत पाहायला तिने त्यांच्या हातातला टॉर्च मागून घेतला. गुणवंतराव बघत होते. इतकी वर्षं तिला हे करावंच लागलं नव्हतं.

डबा बसला, वायरी लागल्या. गुणवंतरावांचा हात सवयीने खिशातल्या खडूकडे गेला.

"राहू द्या, बाबा," ती म्हणाली. "मी वाचलं."

आणि तिने प्लग भिंतीत घातला. पंखे फिरले, पडदा उजळला. अकरा छप्पन्न झाले होते. यशश्रीने कानावर हेडफोन चढवले आणि पायाने दार लोटून घेतलं.

पुढचा सव्वा तास गुणवंतराव बाहेर मटाराच्या पातेल्याशी बसले. आतून बटणांचा कडकडाट येत होता. तो क्षणभर थांबला की त्यांचाही श्वास थांबायचा. विनताबाईंना त्यांनी सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि कचऱ्यातून निवडून काढलेले दाणे धुवायला आत नेले.

दार उघडलं तेव्हा यशश्रीचे केस विस्कटले होते. एकदाही बंद पडला नाही, असं तिने आईला सांगितलं. टीमवाल्यांनी तिथेच हो म्हटलंय, पंधरा तारखेला बोलावलंय. विनताबाईंनी तिला जवळ घेतलं आणि त्या रडल्या. गुणवंतराव उभे राहिले, पण पुढे जायचं धैर्य त्यांना झालं नाही. त्यांना आनंदही झाला होता आणि आतून काहीतरी तुटलंही होतं.

वजनदार डबा पुन्हा टीपॉयवर येऊन बसला होता, पाठीवर गोल घेऊन. यशश्रीने तो पाहिला.

"उद्या क्लासला जाताना मी परत देऊन टाकते," ती म्हणाली. बापाशी बोलायला तिला बहुतेक एवढंच सापडलं. "तो गोल पुसा पण. विष्णूभैया काय म्हणतील."

"पुसत नाही," गुणवंतराव म्हणाले. "माझा नग आहे, परत आला. मीच घेऊन जातो."

त्यांनी डबा खोक्यात घातला आणि खोकं दाराशी, चपलांच्या शेजारी नेऊन ठेवलं. यशश्री त्यांच्याकडे पाहत होती. मग ती आत गेली, आणि थोड्या वेळाने आपल्या ताटाबरोबर त्यांचंही ताट वाढून बाहेर आली.