पाचवा ‘का’

आमच्या विमा कंपनीत सॉफ्टवेअरच्या चाळीस टीम. दर पंधरा दिवसांनी कुठल्या टीमने किती कामं उरकली याचा तक्ता बाराव्या मजल्यावर लागतो. या नव्या पद्धतीत टीमांची तुलना करायची नसते, हे सगळ्यांना मीच शिकवतो. मी स्क्रम मास्टर, म्हणजे टीमच्या अडचणी दूर करणारा. आणि त्या तक्त्यापुढे सगळ्यात आधी मान वर करून उभा राहायचो तोही मीच. लाज नाही मला.

इब्तिहाल आमची टेस्टर. इंबाबा या लांबच्या वस्तीतून दोन बस बदलून यायची, येताना सगळ्यांना तामिया, म्हणजे गरम वडे आणायची. तिच्या आईची मूत्रपिंडं निकामी झालेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, तेही हिच्या नोकरीच्या विम्यावर. नोकरी गेली की आई गेली, इतकं सरळ होतं ते.

मार्चमध्ये आम्ही रुग्णालयांना डायलिसिसच्या परवानग्या पाठवणारं काम घेतलं होतं. पंधरवड्याच्या शेवटच्या दिवशी ती माझ्यापाशी आली.

“रऊफ, रुग्णालयाकडून निरोप न पोहोचताच परत आला तर काय होतं, ते बघायचं राहिलंय. दोन दिवस दे.”

“दोन दिवस काय झाडाला लागलेत? कार्ड ‘झालं’मध्ये टाक. पुढच्या वेळी बघ गपचूप.”

“आणि काही झालं तर?”

“तर माझ्या नावावर. जा आता, डोकं खाऊ नकोस.”

तिने फळ्यावरचं त्या कामाचं कार्ड ‘झालं’च्या रकान्यात सरकवलं.

काम चालू झाल्यावर पाचव्या दिवशी परवानग्या तुंबल्या. शुब्राच्या एका रुग्णालयात एक म्हातारा सहा तास खुर्चीत बसून राहिला. परवानगी आली तेव्हा तो उरला नव्हता.

शुक्री बे, आमचे संचालक, स्वतः बैठकीला आले. पाच वेळा ‘का’ विचारायचं, म्हणजे चूक मुळात कुठे झाली ते सापडतं, ही युक्ती मीच त्यांना शिकवली होती.

“इथे कोणाचा बळी द्यायचा नाहीये,” ते म्हणाले. “रऊफ, तू सांग. परवानग्या का अडकल्या?”

“निरोप पोहोचले नाहीत.”

“का?”

“एक निरोप परत आला आणि मागची सगळी रांग तुंबली.”

“का?”

“तसं होईल हे तपासलं नव्हतं.”

“का?”

“कार्ड आधीच ‘झालं’मध्ये गेलं होतं.”

“का?”

“इब्तिहालने सरकवलं,” मी म्हणालो.

खोटं नव्हतं ते. म्हणूनच जास्त नीच होतं. आणखी एकदा ‘का’ विचारलं असतं तर माझं नाव आलं असतं, पण पाच झाले होते. शुक्री बेंनी पेनाला टोपण लावलं. इब्तिहाल माझ्याकडे बघत होती. मी माझी वही मिटली.

दुपारी तिला नोकरीवरून काढल्याचं पत्र मिळालं. लिफ्टपाशी मी तिला गाठलं.

“तू का नाही बोललीस?”

“तू बोलशील म्हणून थांबले होते.”

“मी शुक्री बेंशी बोलतो.”

“बोल. आईचा विमा महिनाअखेरपर्यंत आहे.”

दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. तिसऱ्यांदा आत गेलो, तर तेच आधी बोलले, “रऊफ, तुझी पद्धत कामाची आहे हं. चाळीसही टीमना तूच शिकव.” मी आभार मानले. होय, आभार मानले आणि बाहेर आलो.

पुढच्या महिन्यात दुरुस्त केलेलं काम सुरू झालं. नवी टेस्टर लमीस पडद्यावर खरे अर्ज बघत होती, मी तिच्या मागे उभा होतो. एक अर्ज आला. करीमा अब्दुल-मौला, वय अडुसष्ट, डायलिसिस. सेकंदाच्या आत नकार गेला: संबंधित कर्मचारी सेवेत नाही. रुग्णालयाला निरोपही नीट पोहोचला. कुठे काही तुंबलं नाही.

“बाशमुहंदिस,” इंजिनिअरांना मारतात तशी हाक मारत लमीसने मान वळवून विचारलं, “हे बरोबर झालं ना?”

मी नाव पुन्हा वाचलं. इब्तिहालची आई.

“हो,” मी म्हणालो. “नियमाप्रमाणे बरोबर आहे.”