वाकवणं आणि लवणं

दिनानाथ हरामखोर निघाला, हे आधीच सांगून टाकतो.

पनवेलच्या शाळेत मी मराठी शिकवायचो आणि वाकण्याचे शब्द गोळा करायचो. वाकणं, लवणं, झुकणं, मुरडणं. कुठून आले, कोण कधी वापरतं. 'वाकणे'चं मूळ संस्कृत 'वक्र'पर्यंत जातं हे कोशात सापडलं; पण वाकवणं आणि लवणं यांत फरक काय, ते काही कोशाला सांगता येईना. ते सांगितलं खाडीवर मचवे बांधणाऱ्या बुधाजीनं. फळीखाली जाळ, वरून पाण्याचा शिडकावा, आणि टोकाला दोर ताणून बसलेला तो.

"जोरानं वढली ती वाकवली, मास्तर. दोर सोडला का परत सरल व्हायला बगते. जालावर दमानं बसवली ती लवली. ती मग तशीच ऱ्हाते."

त्याची एकच अट होती. "चालीस मचवे बांधले. समद्यांवर मालकाचं नाव, नायतर देवीचं. माजं कुठंच नाय. तुमच्या पुस्तकात घाला." मी कबूल केलं. माझ्या वहीत त्या फरकाच्या पानावर त्याचं नाव मी ठळक लिहिलं.

पाच वर्षांची वही पुण्याला दिनानाथकडे पाठवली. कॉलेजपासूनचा मित्र, छापखान्यात त्याची ओळख होती. १९५८ साली पुस्तक आलं. मुखपृष्ठावर एकटा दिनानाथ. माझं नाव आभारात, तेही चुकीच्या आडनावानं. तेवढं गिळलं असतं. पण बुधाजीच्या पानावर त्यानं लिहिलं होतं, 'हा फरक मला लहानपणी आमच्या अंगणात, आंब्याच्या फांदीशी खेळताना उमगला.' आणि खाली मोठ्या ऐटीत स्वतःची सही छापली होती. होडीत पाय ठेवायला घाबरणारा माणूस! माझं डोकं फिरलं. रडूही आलं, लाज कसली त्यात.

संध्याकाळी बुधाजी धुतलेला सदरा घालून दारात उभा. पुस्तक आल्याचं पोस्टमननं त्याला सांगितलं होतं. त्याला अक्षरओळख नव्हती.

"माजं नाव कुठं हाय?"

खरं सांगायला मी तोंड उघडलं. तोवर त्यानं बोट पुढं केलं होतं, डांबरानं काळं, नखाशी चिरलेलं. मी ते धरलं आणि दिनानाथच्या सहीवर ठेवलं.

बुधाजीनं ते बोट हळूहळू त्या अक्षरांवरून फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग दोन्ही डोळ्यांना लावलं आणि म्हणाला, "तुमच्यासारका मानूस नाय, मास्तर."