मिरचीच्या धुरातली पिल्लं

पिल्लं दोन होती आणि चूक एक. चूक माझी. आता मी ते मोकळेपणानं सांगते, पण त्या दिवशी कबूल करायला मला पाऊण तास लागला, आणि तेवढ्यात दोन्ही जीव आईला कायमचे तुटले असते.

आमचा ऊस उजनीच्या पाण्याकाठी आहे. त्या उसात वाघाटी राहते. रानातलं सगळ्यात लहान मांजर. घरच्या मांजरीहून बारकी, अंगावर गंजलेल्या पत्र्यासारखे ठिपके, पण रुबाब वाघाचा. मी लग्न होऊन आले तेव्हा ओढ्याला सर्रास दिसायच्या. आता आमच्या पाच गावांत मिळून माद्या तीनच उरल्यात, असं उत्कर्षा सांगते. ही जनावरांची डॉक्टर, वनखात्याबरोबर काम करते. हात काडीसारखे, पण त्या हातांनी ती कोल्ह्याचा मोडका पाय बसवते.

दिवाळी झाल्यावर तिनं आम्हा ऊसवाल्यांना सोलापूरला बोलावलं, सात रस्त्याजवळच्या एका कचेरीत. वाघाट्या पुन्हा वाढवायच्या तर पुढची पाच वर्षं काय काय करायचं, त्याचा आराखडा ठरवायचा होता. उसाचा फड पेटवायचा नाही, ओढ्याकडेचं झुडूप तोडायचं नाही, असं एकेक कलम वनखात्याचे साहेब वाचत होते. मी दुसरीपर्यंत शिकलेली, पण नकाशात ओढा कुठला ते मला कळतं. ऊसतोड ओढ्याच्या बाजूनं सुरू करावी, असं त्यांनी लिहिलं होतं. मी उठले.

"सायेब, घराला आग लागली तर तुमी आदी दाराला कडी लावता का? ओढा म्हंजी त्या जनावराचं दार हाय. रस्त्याकडनं तोडत या, म्हंजी ते मागच्या मागं ओढ्यात उतरंल."

उत्कर्षानं ते कलम तिथंच खोडलं आणि माझं लिहून घेतलं. मग मला चेव आला. "आन हे बी ल्ह्या," मी म्हणाले, "वच्छलाच्या फडातलं एक पिल्लू कमी व्हनार न्हाय."

बावीस वर्षं एकटीनं शेती केलेल्या बाईचा भरल्या सभेतला शब्द तो. जीभ पुढं जाते, निस्तरावं कमरेला लागतं.

तोडीच्या दुसऱ्या दिवशी तोडणीच्या टोळीच्या येडू मुकादमानं हाक मारली. पाचटाच्या, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांच्या, घरट्यासारख्या खोपट्यात मुठीएवढी दोन पिल्लं, डोळे नुकते उघडलेले. नियम मला पाठ होता: तोड थांबवायची, हात लावायचा नाही, फोन करायचा. अंधार पडला की आई येते आणि तोंडात धरून त्यांना दुसरीकडे नेते. मी तोड थांबवली. सयाजीला, म्हणजे माझ्या पोराला, फोन लावायला लावला. सगळं रीतसर.

पण तोवर टोळीतल्या सगळ्या बाया गोळा झाल्या. "अगं बया, कसली गोड हाईत." "ह्येची शेपटी तर बघ." एवढ्या नजरा त्या एवढ्याशा जिवांवर. आमच्याकडे व्यालेल्या म्हशीलासुद्धा आम्ही पाहुण्यांपुढं काढत नाही. आई येईपर्यंत यांना काही झालं तर? मी बायांना पिटाळलं, पिल्लं पदरात घेतली आणि शेतातल्या आमच्या खोपीवर नेली. चुलीत निखारा होता. मीठ, मोहरी, सात लाल मिरच्या, पाच वेळा उतरून टाकल्या. ठसका लागला नाही म्हणजे दृष्ट जबर. म्हणून आणखी चार मिरच्या. पिल्लांच्या कानामागं काजळाचा ठिपका लावला आणि गुपचूप जागच्या जागी नेऊन ठेवली. येडूनं पाहिलं.

उत्कर्षा दुपारी आली. हातमोजे घालून वाकली आणि तेवढ्यात एक पिल्लू शिंकलं. मग दुसरं. मग पहिलं पुन्हा.

"कुणी हात लावला का हो मावशी?"

"न्हाय," मी म्हणाले. शब्द तोंडातून गेला तो गेला.

तिनं नळी लावून पिल्लांची छाती ऐकली. नाकातून पाणी, डोळे लाल. तिचा चेहरा उतरला. "फुप्फुसाला सर्दी झालेली दिसते. यांना पुण्याला दवाखान्यात न्यावं लागेल. आठ-दहा दिवस तरी."

"मग आई?"

"आई एक-दोन रात्री शोधते, मावशी. मग सोडून देते. ही दोघं पिंजऱ्यातच वाढतील."

तिनं गाडीतून पेटी आणली. पेटीत फडकं अंथरलं. येडू माझ्याकडे बघत होता, मी उसाकडे. सयाजी, टोळीतल्या बाया, सगळे उभे. एकदा वाटलं, जाऊ देत. दवाखान्यात जगतील तरी. पण त्यांना काय झालंय ते मला ठाऊक होतं. पेटीचं झाकण लागताना मी म्हणाले, "त्येस्नी सर्दी न्हाय झालेली. मिरची लागलीया."

"काय लागली?"

"मी दृष्ट काडली. अकरा मिरच्यांची."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. उत्कर्षा रागावलीही नाही. तिनं पिल्लू नाकाशी धरून हुंगलं आणि खाली बसली. "म्हणजे औषधाची गरज नाही. पण धुराचा वास आहे. वासानंच आई ओळखते."

"आमची शेळी परकं करडू जवळ घेत न्हाय," मी म्हणाले, "तवा आमी तिच्याच खालचं गवत त्येच्या अंगाला चोळतो. ह्यांच्या खोपट्यातलं पाचट हाय की."

तिनं जरा विचार केला. "चालेल का माहीत नाही. करून बघू."

काजळ ओल्या कापसानं पुसलं. मातीच्या बाजूचं, आईच्या अंगाखालचं पाचट तिनं हळूहळू पिल्लांना चोळलं. मला हात लावू दिला नाही, आणि मीही मागितला नाही. पिल्लं त्याच जागी उघड्या पेटीत, समोर कॅमेरा. सगळ्यांनी निघायचं.

त्या रात्री केळीला पाणी द्यायला थ्री-फेज विजेची पाळी आमची होती. मोटर लावली की सगळं रान थरथरतं. मी सांजेलाच स्टार्टरचा फ्यूज काढून कमरेच्या पिशवीत टाकला.

"आई, केळी वाळत्याल की," सयाजी म्हणाला.

"वाळू दे. तू बी ल्हानपनी वाळलेलाच हुतास, जगलास की."

सकाळी पेटीत एक पिल्लू होतं. कॅमेऱ्यात आई दिसली. आली, एक उचललं, गेली. परत आली. दुसऱ्याला हुंगलं, दोन पावलं मागं सरली आणि उसात शिरली. हे दुसरं म्हणजे माझ्या पदरात निखाऱ्याकडच्या बाजूला होतं ते.

"आणखी एक रात्र," उत्कर्षा म्हणाली.

दिवसभर ती थेंबथेंब दूध पाजत होती आणि मी लांब बाभळीखाली बसून होते. भाकरी आणली ती तशीच राहिली. दुपार कलताना मी तिला हाक मारली.

"त्या आराखड्यात एक कलम घाल. पिल्लांची दृष्ट काडू नये. धूर दाखवू नये. काजळ लावू नये."

"घालते. तुमचं नाव नाही घालत."

"नाव घाल. न्हायतर बाया म्हनत्याल, शेरातल्या पोरीला काय कळतंय दृष्टीतलं. वच्छलानं काडली आन पिल्लू आईला तुटलं, आसं ल्ही. मग ऐकत्याल."

"अजून तुटलं नाही, मावशी."

"तुटलं तर काय ल्ह्यायचं ते बी आत्ताच ल्ही. उद्या माझी जीभ वळंल का न्हाय कुनास ठावं."

तिनं लिहिलं. मला वाचून दाखवलं. भरल्या सभेतल्या त्या शब्दाच्या खाली आता हे बसणार. बसू दे.

दुसऱ्या सकाळी पेटी रिकामी होती. कोल्हा फिरतो त्या काठानं. उत्कर्षानं कॅमेरा उघडला आणि माझ्याकडे वळवला. पहाटेच्या उजेडात आई आली. पिल्लाला चाटत बसली, बराच वेळ, जणू अंगावरचं काही धुऊन काढत होती. मग मानेला धरून ओढ्याकडे गेली.

येडू म्हणाला, "काकी, आता फडात कोयता घालू का?"

"रस्त्याकडनं," मी म्हणाले. "आन परवापासनं."

सयाजीनं हात पुढं केला, फ्यूजसाठी. ओढा मोटरीला जवळच होता आणि ती दोघं त्यात नवी होती. मी पिशवीची नाडी आणखी एक वेढा देऊन बांधली.