इस्त्रीचा प्लग

माझ्या नवऱ्याला घरातला दिवा हाताने लावलेला खपत नाही. मी भिंतीवरचं बटण दाबलं की त्याचा चेहरा पडतो, जणू मी त्याच्या आईलाच काही बोलले. लुसाका शहरात, चलाला भागात आमचं लहानसं घर आहे, आणि त्यात ऐकणाऱ्या, बघणाऱ्या, मोजणाऱ्या इतक्या वस्तू आहेत की माणसांची अडचणच व्हावी. फाटक मला ओळखून उघडतं. आंघोळीला मी कधी जाणार हे माझ्याआधी गीझर ठरवतो. नवरा हेच सगळं लोकांच्या घरांत आणि लॉजमध्ये बसवून देतो, त्यावर आमची चूल पेटते, म्हणून मी तोंड आवरते. बाहेर तरी आवरते.

त्याच्या टेबलावर तीन स्क्रीन, एकेक बटण निवडून स्वतः जोडलेला कडकड वाजणारा कीबोर्ड, आणि कानांवर ते मोठे हेडफोन, जे घातले की बाहेर पूल कोसळला तरी कळू नये. त्यातही त्याचं मन विचलित होतं म्हणे. म्हणून त्याने एक प्रोग्राम आणला. तो सुरू केला की फोन वाजत नाही, निरोप दिसत नाहीत, आणि कोणी फोन केलाच तर आपोआप उत्तर जातं: ‘मी सध्या एकाग्र आहे. नंतर बोलू.’ लग्नाच्या बायकोलाही हेच उत्तर.

घर चालवायचं अ‍ॅप माझ्याही फोनवर आहे. त्यात तो ‘मालक’ आहे आणि मी ‘पाहुणी’. मी म्हटलं, बाशी-ताओंगा, घरभाडं अर्धं मी भरते आणि मी पाहुणी? तर म्हणाला, “अगं, ती नुसती सोय आहे, सुरक्षेसाठी.” ताओंगा आमची मुलगी. तिचे वडील म्हणून तो बाशी-ताओंगा, आई म्हणून मी बाना-ताओंगा. आमच्यात नवराबायको एकमेकांचं नाव घेत नाहीत. पाहुणीला कॅमेरे बघता येतात, दिवाणखान्याचा दिवा लावता येतो. आणि एक खास अधिकार मी भांडून मिळवला होता: पोरगी अभ्यास सोडून व्हिडिओ बघत बसली की घरातलं नेट बंद करण्याचा.

मग आई आली.

आईने सगळा जन्म सॅम्फ्याला, तळ्याकाठी, मासे धुरावर वाळवण्यात घालवला. मासे विकले गेले आणि धूर तिच्या छातीत राहिला. आता तिला ऑक्सिजनचं यंत्र लागतं, दिवसरात्र. ते विजेवर चालतं, आणि आमच्याकडे वीज असते त्यापेक्षा नसतेच जास्त. इस्पितळवाले म्हणाले, तुमच्या घरी बॅटरी आहे ना, मग तुमच्याकडेच ठेवा. इस्त्रीच्या खोलीत पलंग टाकला आणि आई तिथे राहिली.

आता खरी गंमत. आम्ही बेंबा जमातीचे. जावयाला सासूच्या घरात रीतसर आत घेण्याचा समारंभ असतो, उक्विंगिश्या. तो होईपर्यंत जावई सासूसमोर बसत नाही, तिच्या ताटातलं खात नाही, तिच्या निजायच्या खोलीत पाऊल टाकणं तर दूरच. लुसाकात आता कोण एवढं पाळतं, म्हणाल. माझी आई पाळते. आमचा समारंभ ऑगस्टात ठरला होता, आईच्या छातीपायी लांबला, मग पुन्हा लांबला. त्यामुळे एका छताखाली राहून दोघं एकमेकांशी बोलायचे ते माझ्यातर्फे. जेवताना आई तिच्या खोलीतून म्हणायची, “त्या उंदीरखाऊला विचार, पंखा एवढा जोरात का?” तो न्गोनी आहे, आणि न्गोनींना उंदरावरून चिडवणं हा आम्हा बेंबांचा हक्क आहे, आणि आम्हाला माकडावरून चिडवणं हा त्यांचा. तो स्वयंपाकघरातून म्हणायचा, “माकडखाऊंच्या लेकी, आईंना सांग, पंखा उष्म्यावर आपोआप ठरतो.” मध्ये मी, हातात उलथनं घेऊन.

त्याने खोलीची व्यवस्था केली तीही दारातून. घरातल्या प्रत्येक सॉकेटात त्याने आधीच फोनवरून चालणारा एक मधला प्लग खोचलेला आहे, भिंतीतली वीज पुढे सोडायची की नाही ते तो ठरवतो. पलंगाच्या उशाचं सॉकेट त्याने अ‍ॅपमध्ये ‘ऑक्सिजन’ म्हणून नोंदवलं: वीज गेली तरी चालू. खिडकीखालचं सॉकेट आधीपासून ‘इस्त्री’ होतं: वीज गेली की लगेच बंद, म्हणजे गीझर, किटली, इस्त्री या खादाड मंडळींनी बॅटरी संपवू नये. सगळं त्याने मला फोनवर दाखवलं. ऑक्सिजन, हिरवा दिवा, चालू. आत जाऊन बघायला मात्र तो गेला नाही. जाणार कसा?

त्या दिवशी मी काफूला, मी शिकवते त्या शाळेत होते. ऑक्टोबरचं ऊन, पत्रा तापून शिक्षकांच्या खोलीत बसवत नव्हतं, म्हणून मी ओसरीत उभी होते. आईचा फोन आला.

“नकांदू,” ती म्हणाली, आणि मग बराच वेळ नुसता श्वास. “यंत्र... गप्प झालंय.”

तिच्या मागे यंत्राचा भोंगा वाजत होता. मी ऐकत होते, काफूहून.

“आई, ते घरातच आहेत. हाक मार.”

“मी? जावयाला?”

एका भिंतीपलीकडे माणूस बसलेला, आणि तिने फोन केला मला, एवढ्या लांब. मला तिचा राग आला, आणि रागाच्या खाली नुसती भीती होती. तिचे पाय सुजलेले, दारापर्यंत चालणं तिला जमणार नव्हतं. मी म्हटलं, फोन स्पीकरवर टाक आणि उशीवर ठेव, बंद करू नकोस. मग शेजारी उभ्या हामूंगा सरांचा फोन जवळजवळ हिसकावून घेतला आणि नवऱ्याला लावला. वाजलाच नाही. पुन्हा लावला. मग निरोप आला: ‘मी सध्या एकाग्र आहे. नंतर बोलू.’

हामूंगा सरांनी तो वाचला आणि काही न बोलता गाडीची किल्ली आणायला गेले. ते टोंगा आहेत, एरवी बेंबा बाईवर टोमणा मारायची संधी सोडत नाहीत.

मी माझ्या फोनवर अ‍ॅप उघडलं. दिवाणखान्याच्या कॅमेऱ्यात त्याच्या कामाच्या खोलीचं उघडं दार दिसत होतं, आणि त्यात त्याची पाठ. कानांवर हेडफोन. बोटं चालली होती. मी दिवाणखान्याचा दिवा लावला, विझवला, लावला. भर दुपारी त्याला काय दिसणार? एकदा मान वर झाली. त्याने पाण्याची बाटली उचलली, घोट घेतला आणि परत कामाला लागला.

ऑक्सिजन, हिरवा दिवा, चालू. मग यंत्र बंद कसं?

“आई, यंत्राची वायर कुठे लावली आहे?”

“खिडकी... खाली.” श्वास. “सकाळी कामवाल्या बाईकडून... पलंग हलवून घेतला. फाटक दिसत नव्हतं. तू येताना... दिसत नव्हतीस.”

मी खाली सरकवत गेले. इस्त्री. लाल दिवा. वीज गेली होती, म्हणून बंद, बॅटरी वाचवण्यासाठी. माझी आई तिथे इस्त्री झाली होती. मी बोटाने दाबलं. ‘हा बदल फक्त मालक करू शकतात.’ पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. मी त्या फोनला इतक्या शिव्या दिल्या की ओसरीतली पोरं वर्गात पळाली.

उशाच्या सॉकेटपर्यंत वायर नेणं आईला शक्य नव्हतं. मी म्हटलं, आई, वाक थोडी, मधला प्लग काढता येतो का बघ. ती वाकली असावी. मग एक आवाज आला, जो मी आयुष्यभर विसरणार नाही. पाण्यात बुडताना माणूस जसा हवा ओढतो तसा. मी ओरडले, राहू दे, बस, बस.

आणि मला कळलं, की या माणसाला उठवणारी एकच गोष्ट जगात आहे. बायको मेली तरी कळणार नाही, पण नेट गेलं तर तो उठेल. आणि ते बंद करण्याचा अधिकार पाहुणीला आहे.

नेट गेलं की माझा कॅमेराही जाणार होता. अ‍ॅप आंधळं होणार, आणि घरातलं कोणतंही सॉकेट फोनवरून चालू करता येणार नाही, त्यालाही नाही. हातानेच करावं लागणार. मी एकदा त्याची पाठ नीट बघून घेतली. मग दाबलं.

चित्र थिजलं. उरला आईचा श्वास आणि तो भोंगा.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग फोनमध्ये लांबून खुर्ची सरकली. पावलं. राऊटर पॅसेजमध्ये आहे, आईच्या दारासमोर. पावलं थांबली.

“बमायो?” त्याचा आवाज. आमच्यात मान देऊन आईला असंच म्हणतात. “हा आवाज कसला?”

“बाशी-ताओंगा,” मी किंचाळले, “आत जा. यंत्र इस्त्रीच्या प्लगला आहे. तो मधला प्लग काढा आणि यंत्र सरळ भिंतीत लावा.”

“बाना-ताओंगा? तू कुठून बोलतेस?”

“आईच्या उशीवरून. जा आत.”

दार कुरकुरलं. लगेच आईचा आवाज, फाटका, पण तिचाच: “त्याला सांग... माझ्या अंगावर... नुसता परकर आहे.”

“आई म्हणतात—” तो म्हणाला.

“ऐकलं मी. डोळे मिटा आणि जा.”

“तू आईंना विचार ना. मी असा कसा जाऊ? उद्या त्या माझ्याकडे बघणार नाहीत.”

“उद्या बघायला ती राहिली पाहिजे,” मी म्हटलं, आणि मग जे कधी केलं नाही ते केलं. त्याचं नाव घेतलं. “मसाउसो. ती मरतेय. जा.”

तो हलला नाही. मला माहीत आहे, कारण पाऊल वाजलं नाही. त्याला दोष देणं सोपं आहे. आईचा नियम तो तिच्यापेक्षाही घाबरून पाळायचा. न्गोनी असून बेंबांच्या घरात आपल्याला मान मिळावा म्हणून त्याने काय काय सोसलंय ते मला ठाऊक आहे.

मग आई म्हणाली, एकेक शब्द वेचून काढावा तशी, “रिकाम्या हाताने... येतात का कुठे?”

आमच्यात आत घ्यायच्या वेळी जावई उंबऱ्यावर ताटलीत काहीतरी ठेवतो. तिने नाही म्हटलं नव्हतं. तिने रीत सांगितली होती.

त्याच्या खिशात काय असणार? खट्ट असा आवाज आला. नंतर मला कळलं, त्याने आपला फोन उंबऱ्यावर ठेवला. ज्यातून तो सगळं घर चालवायचा, तो. आणि मग पावलं आत आली, आंधळ्याची, चाचपडत. पलंगाला गुडघा आपटला. “डावीकडे,” मी म्हणत होते, “खिडकी डावीकडे.” काहीतरी पडलं, बहुतेक आईचा फोनच, कारण सगळं एकदम दूर गेलं. आणि मग ते कटलं. तिचा टॉकटाइम संपला होता.

हामूंगा सरांनी पिकअप काढली. काफूपासून घरापर्यंत मी फोन लावत राहिले. आईचा वाजायचा, कोणी उचलायचं नाही. त्याला लावला की तेच: ‘मी सध्या एकाग्र आहे. नंतर बोलू.’ दर वेळी तेच, तितक्याच सभ्यपणे. सर ट्रकांच्या मधून गाडी काढत होते. मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही, पण मोठी यादी होती. मध्येच वाटलं, माझ्यामुळे नेट गेलं, ते असतं तर त्याने एका बोटाने प्लग चालू केला असता. पण नेट असतं तर तो उठलाच नसता. हेच दोन विचार घराच्या कोपऱ्यापर्यंत आलटून पालटून मला खात राहिले.

फाटक उघडलं नाही. रोज मला ओळखणारं फाटक, नेट नाही तर त्याच्या लेखी मी कोण? हाका मारल्या, लाथा मारल्या. आतून कोणी येईना, आणि कोणी येईना याचा एकच अर्थ मला सुचत होता. शेवटी सर भिंतीशी ओणवे झाले, म्हणाले, “चढा बाई, बेंबांना झाडावर चढायची सवय असतेच,” आणि मी साडेपाच फुटी शिक्षिका, घट्ट स्कर्टमध्ये, त्यांच्या पाठीवर पाय देऊन पलीकडे पडले.

घरात भोंगा वाजत नव्हता. आईच्या उंबऱ्यावर त्याचा फोन पडला होता, आणि त्यावर माझे फोन न वाजता मोजले गेले होते. मी तो ओलांडला.

यंत्र घरघरत होतं. नवरा खिडकीखाली जमिनीवर बसला होता, भिंतीकडे तोंड करून, एका हाताने प्लग भिंतीत दाबून धरलेला. ते सॉकेट जुनं आहे, ढिलं. हात सोडला की प्लग बाहेर येतो. म्हणून त्याने सोडला नव्हता. सगळा वेळ. डोळे अजून गच्च मिटलेले होते.

“बाना-ताओंगा?” त्याने विचारलं. “श्वास चालू आहे ना त्यांचा? यंत्राच्या आवाजात मला काही कळत नाही. मी बघितलं नाही गं. एकदाही बघितलं नाही.”

मी पलंगाकडे वळले. बघायचं धाडस होत नव्हतं.

नाकात नळ्या, छातीपर्यंत ओढलेलं चितेंगेचं रंगीत कापड, आणि आई टक्क जागी. माझ्याकडे तिचं लक्षच नव्हतं. ती त्याच्या पाठीकडे बघत होती, आणि किती वेळ बघत होती कोण जाणे. बोलायला तिच्याकडे नुकताच पुरेसा श्वास जमला असावा.

मी वाट बघितली, आता म्हणेल, त्या उंदीरखाऊला सांग. ती म्हणाली, “बाशी-ताओंगा, उघडा डोळे. हात दुखला असेल तुमचा.”

त्याने डोळे उघडले. मग सवयीने दोघांनीही माझ्याकडे पाहिलं, पुढचं मी बोलावं म्हणून. मी त्याच्याशेजारी जमिनीवर बसले आणि त्याच्या हातातला प्लग माझ्या हातात धरला.